मोठ्या चाकाला हात नको

पेशीबाई चिडल्या की आधी चष्मा काढायच्या. चष्मा टेबलावर टेकला की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे चिडीचूप, कारण पुढे जे बाहेर पडायचं ते मुकाट ऐकून घ्यावं लागायचं. बरं, बाई चिडायच्या कशावर? गडबडीवर नाही, उशिरा येण्यावर नाही, पाठांतर न करण्यावर तर मुळीच नाही. त्यांना राग यायचा तो खोट्या चित्राचा. समोर सूक्ष्मदर्शक, त्याखाली कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी, आणि पोरगं काढतंय काय, तर पुस्तकातलं चित्र! केंद्रक अगदी मधोमध, रंगीत पेन्सिलीनं गुळगुळीत रंगवलेलं.

“हे पुस्तकातलं आहे. पुस्तक मीही वाचलंय,” बाई म्हणायच्या. “तुला काय दिसलं?”

“बाई, मला एक गोल दिसला. काळ्या कडेचा.”

“मग तो काढ.”

“पण ही म्हणते तो हवेचा बुडबुडा आहे.”

“आहेच मुळी. मग बुडबुडा काढ आणि खाली लिही, हवेचा बुडबुडा. निदान खरं बोललास असं तरी होईल.”

पेशी म्हणजे काय हे त्यांनी इतक्या पिढ्यांना शिकवलं की त्यांचं आडनाव शाळेत कुणाला आठवेना. पेशीबाई म्हटलं की शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना कळायचं. बाजारात भेटणारे जुने विद्यार्थीसुद्धा, स्वतःची पोरं कडेवर असलेले, भाजीच्या ढिगाआडून ओरडायचे, “पेशीबाई, कांदा घेतला का?” बाई खोटं खोटं रागावून बघायच्या आणि घरी जाईपर्यंत मनात हसत राहायच्या.

प्रयोगशाळा शाळेच्या मागच्या अंगाला होती. लांबट खोली, फळ्यासमोर बाक, मागे दगडी ओटे, प्रत्येक ओट्याच्या टोकाला एक बेसिन, आणि त्यातला एक नळ कायमचा गळका. खिडक्या सायकलींच्या शेडकडे उघडायच्या. आत शिरलं की आधी स्पिरिटचा वास, मग कांद्याचा, आणि सगळ्यात शेवटी जुन्या लाकडी कपाटाचा. सूक्ष्मदर्शक एका रांगेत उभे, प्रत्येकाच्या डोक्यावर कापडी टोपरं. ही टोपरी रंगीबेरंगी होती, दोन सारखी सापडायची नाहीत, आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे एक काज असायचंच, बटणाचा पत्ता नसताना. ती बाईंच्या आईनं शिवली होती. आई एका शिंप्याच्या दुकानात काजं करायची. उरलेल्या चिंध्या घरी आणायची, आणि हातात सुई असली की काज केल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

नव्या वर्गाचा पहिला तास बाई इथेच घ्यायच्या. खडू हातात, फळा कोरा.

“तुमच्यातला प्रत्येक जण,” त्या सुरू करायच्या, “एके काळी फक्त एक पेशी होता. एक! टाचणीच्या टोकापेक्षा लहान. तेव्हा तुम्हाला नाक नव्हतं, शेखी नव्हती आणि पहिल्या बाकासाठी भांडणही नव्हतं. मग एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आपण मोठे होतो ते पेशी फुगून नाही, पेशींची संख्या वाढून. हत्तीची पेशी आणि उंदराची पेशी शेजारी ठेवा, आकारात फार फरक नाही. हत्तीकडे त्या जास्त आहेत, एवढंच. तेव्हा कुणी मोठेपणाचा तोरा मिरवू नये.”

मग फळ्यावर एक वेडंवाकडं वर्तुळ यायचं. बाहेरचं ते पेशीपटल. ते नुसती भिंत नव्हे, काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं ते तेच ठरवतं. आतला दाटसर रस तो पेशीद्रव. त्यात केंद्रक, आणि केंद्रकात ती पेशी कशी घडायची, कशी वागायची याची सगळी माहिती. वनस्पती असेल तर पटलाबाहेर आणखी एक जाड भित्तिका. कांद्याची पेशी विटेसारखी चौकोनी दिसते ती त्या भित्तिकेमुळे. मधली बहुतेक जागा रिक्तिका, म्हणजे रसाची पिशवी, अडवून बसते, म्हणून केंद्रक बिचारं कडेला सरकलेलं. आपल्या गालाची पेशी मात्र बिनभित्तिकेची, म्हणून पातळ, पसरट, कुठेतरी कोपरा दुमडलेली.

“कांद्याच्या पेशीत हिरवी लवकं का नाहीत?” हा बाईंचा ठरलेला सापळा. वनस्पती आहे म्हणजे हरितलवकं असणारच असं ठोकून देणारे सगळे त्यात पडायचे. मग बाई विचारायच्या, “कांदा वाढतो कुठे?” जमिनीखाली. “तिथे ऊन पोचतं?” नाही. “मग तिथे स्वयंपाकघर कोण आणि कशाला थाटणार?” वर्ग हसायचा आणि जन्मभर विसरायचा नाही.

प्रयोगाला मात्र बाईंचे दोन नियम होते. पहिला असा. मोठं भिंग लावलं की मोठ्या चाकाला हात नको. सूक्ष्मदर्शकाला बाजूला दोन चाकं असतात. मोठं फिरवलं की नळी भराभर खाली येते, छोटं फिरवलं की केसभर सरकते. मोठं भिंग काचपट्टीच्या इतकं जवळ असतं की मोठं चाक जरा खाली फिरलं तर भिंग सरळ काचेत घुसतं. दर वर्षी कुणीतरी घुसवायचंच. करकर असा आवाज आला की बाई लांबून, पाठमोऱ्या, नाव न विचारता म्हणायच्या, “फोडली?”

दुसरा नियम त्यावरच होता. ज्यानं फोडली त्यानं नवी करून द्यायची, आणि तीही स्वतःच्या गालाची. दंड नाही, शिक्षा नाही, घरी चिठ्ठी नाही. तोंड स्वच्छ धुवायचं, दात कोरायच्या काडीच्या बोथट बाजूनं गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची, काचेवर पसरायची, वाळवायची, निळ्या रंगाचा थेंब टाकायचा, धुवायचं आणि वरून पातळ काच बसवायची. लाकडी पेटीत अशा कितीतरी फोडणाऱ्यांचे गाल जमा झाले होते. पुढे कुणी डॉक्टर झालं, कुणी ट्रक चालवायला लागलं, कुणी परदेशी गेलं. गाल इथेच.

त्याच पेटीत, पहिल्या खाचेत, एक काचपट्टी होती जिला बाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही. ती बाईंच्या आईच्या गालाची होती.

त्याची गोष्ट अशी. बाई कॉलेजात शिकत होत्या तेव्हा घरून एक कायम टिकणारी काचपट्टी करून आणायला सांगितलं होतं. स्वतःचा गाल त्यांनी खरवडून खरवडून लाल केला होता, आणि दर वेळी काचेवर नुसते बुडबुडे. शेवटी आईपुढे काडी घेऊन उभ्या राहिल्या.

“तोंड उघड.”

“का? माझं तोंड कमी उघडं असतं म्हणून?” आई म्हणाली. तिच्या जिभेला हाड नव्हतं, अख्खी आळी तिला टरकून असायची. “काय बघणार आहेस आत? शिव्या?”

“पेशी.”

“माझ्या तोंडात असलं काही नाही. मी रोज चूळ भरते.”

पण तिनं तोंड उघडलं. काचपट्टी अशी काही सुरेख झाली की कॉलेजातल्या सरांनी ती वर्गात फिरवली. चिकट राळेत बसवलेली, एकही बुडबुडा नाही, पेशी सुट्या सुट्या, प्रत्येकीच्या पोटात केंद्रकाचा गडद निळा ठिपका. बाईंनी एके दिवशी आईलाच कॉलेजात नेलं. आईनं आधी भलताच डोळा मिटला. मग स्वतःच्या पापण्यांचे केस बघून, “शी, हे काय, झाडू?” म्हणाली. आणि मग अचानक बोलायचीच थांबली. असं फार क्वचित व्हायचं.

“ह्या सगळ्या माझ्या?” बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

“हो.”

“मग यातली मी नक्की कुठली?”

“सगळ्याच तू, आई.”

“एवढी पसरलेय होय मी! तरी म्हटलं घर पुरत नाही.”

नोकरी लागली तेव्हा शाळेच्या पेटीत गालाच्या पेशीची एकही धड काचपट्टी नव्हती, म्हणून बाईंनी ती आणून ठेवली. तेव्हा त्यात काही वाटण्यासारखं नव्हतं. आई घरी होती, धडधाकट होती, रोज डबा भरून देत होती आणि रोज काहीतरी टोचून बोलत होती. बाईंनी लग्न केलं नाही. मायलेकी दोघीच, दोन खोल्यांत. भांडणं रोजची, अबोला तासाभराचा. मग आई गेली.

आई गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं की घरात फोटो आहे, सुईदोऱ्याचा डबा आहे, चष्मा आहे, पण आई म्हणावी अशी कणभरही वस्तू नाही. फोटो म्हणजे शेवटी कागद. आईच्या अंगातलं, खरंखुरं, जगात कुठे उरलं असेल तर ते त्या पेटीतल्या पहिल्या खाचेत. तेव्हापासून दर वर्षी ‘माणसाच्या गालाची पेशी’ दाखवायची वेळ आली की बाई स्वतः ती काचपट्टी काढायच्या, स्वतः लावायच्या आणि पोरं एकेक करून डोळा लावत असताना शेजारी उभ्या राहायच्या. कुणाची आहे ते कधी सांगितलं नाही. निळा रंग वर्षागणिक फिका होत गेला, पण ठिपके दिसायचे. इतक्या पोरांनी आपली आई पाहिली, या विचारानं बाईंना उगाच बरं वाटायचं.

आता निवृत्ती आली होती. काचपट्टी घरी न्यायची हे ठरलेलं. मुख्याध्यापक म्हणाले होते, “न्या हो खुशाल, एका काचेचं काय घेऊन बसलात!” आई गेल्यापासून बाईंना जी गोष्ट हवी होती ती आता फक्त पिशवीत घालायची बाकी होती.

“आजच न्या,” प्रयोगशाळेतले मामा म्हणाले. मामा बाईंच्याच वेळचे. टोपरी झटकणं, नळ घट्ट पिळणं आणि प्रयोगातला उरलेला कांदा घरी नेणं ही त्यांची कामं. “शेवटच्या वर्गाला दुसरी कुठली तरी दाखवा. पेटीत गाल काय कमी आहेत?”

“शेवटच्या वर्गानं काय घोडं मारलंय? सगळ्यांनी पाहिली, हेही पाहतील.”

“मग मी लावून देऊ का?” मामांनी जरा चाचरत विचारलं. त्यांना ठाऊक होतं. बाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, डाव्यातही सुरुवात होती. डॉक्टर केव्हाचे मागे लागले होते. बाईंचं एकच, निवृत्त झाल्यावर बघू.

“मामा, या खोलीत मला भिंगाचा नेम कुणी धरून द्यायचा?” बाईंनी चष्मा काढला. मामा टोपरी झटकायला निघून गेले.

शेवटच्या वर्गाला त्या दिवशी प्रयोगशाळेत धडा होता तंतुकणिकांचा. पेशीला लागणारी ऊर्जा तयार करणारे हे कण. बाईंनी फळ्यावर शेंगेसारखा लांबट आकार काढला, आत घड्या घातल्या. आपल्या सूक्ष्मदर्शकातून त्या अशा दिसायच्या नाहीत, त्याला फार मोठं यंत्र लागतं, हेही सांगितलं. “आणि एक गंमत,” त्या म्हणाल्या. “केंद्रकातला अर्धा वारसा आईचा, अर्धा वडिलांचा. पण तंतुकणिका येतात त्या आईकडून. आईच्या बीजपेशीत असतात, त्यांच्याच पुढे वाढत जातात. तिच्या तिच्या आईकडून आल्या, त्या आईच्या पुन्हा तिच्या आईकडून.” हे वाक्य त्या दर वर्षी म्हणायच्या. परीक्षेत त्यावर प्रश्न यायचा, म्हणून फळ्यावर लिहून खाली रेघ मारायच्या आणि पुढे जायच्या. शेवटच्या बाकावर एक मुलगी डोकं टेकून पेंगत होती. वर्गानं तिचं नावच जांभई ठेवलं होतं. बाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. शेवटचे दिवस, कुठे तोंड वाजवायचं!

मग त्यांनी पेटी उघडली. आईची काचपट्टी रुमालानं पुसली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आरसा खिडकीकडे वळवला. लहान भिंगातून फिक्या निळ्या चिंध्या दिसल्या. हातानंच मोठं भिंग फिरवलं, ते खटकन बसलं. चष्मा काढून डोळा लावला तर सगळं धुरकट. छोटं चाक फिरवलं, तरी धुरकट. आणखी फिरवलं. मागे पोरं रांगेत उभी राहून कुजबुजत होती. आई दिसेना. एवढी वर्षं दिसलेली आई आज, शेवटच्या दिवशी, दिसेना म्हणजे काय! डोळ्याचा दोष आहे हे मन कबूल करायला तयार नव्हतं, आणि घाबरलेला हात सवय विसरून भलतीकडे गेला.

करकर.

आवाज कशाचा ते सगळ्यांना कळलं, पण कुणाची छाती होणार “फोडली?” म्हणून विचारायची? बाईंनी नळी वर केली. काच मधोमध तडकली होती, वरची पातळ काच पिठासारखी झाली होती, आणि जुनी पिवळी राळ खवल्याखवल्यांनी ओट्यावर सांडली होती. बाईंनी बोटानं ते कण गोळा करायला सुरुवात केली. बोटाला काच लागली, तरी करतच राहिल्या.

“बाई, राहू द्या, मी करतो,” मामा धावत आले. बाईंनी त्यांचा हात बाजूला सारला. “आई गं,” त्या पुटपुटल्या. पोरांना वाटलं बोट दुखलं असेल.

रांगेत सगळ्यात पुढे पहिल्या बाकावरची एक चष्मिष मुलगी होती, नियमांची भारी पक्की. घाबरलेल्या माणसाला नियमाचाच आधार वाटतो, तसं तिचं झालं. तिनं काड्यांच्या डबीतून एक काडी काढली आणि बाईंपुढे धरली.

“बाई,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “ज्यानं फोडली त्यानं...”

मामांनी डोळे वटारले. पण बाईंनी काडीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि चष्मा काढायच्या ऐवजी घातला. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “नियम म्हणजे नियम.”

त्यांनी बेसिनपाशी जाऊन चूळ भरली. रक्त आलेलं बोट मामांनी चिंधीत गुंडाळलं होतं, म्हणून डाव्या हातानं गाल खरवडला. काचेवर पसरलं, वाळवलं, निळा थेंब टाकला, धुतलं. पातळ काच तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडली, बुडबुडा राहू नये म्हणून. हे सगळं हात आपोआप करत होते. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून त्या बाजूला झाल्या.

“तू बघ,” त्या चष्मिष मुलीला म्हणाल्या. “माझे डोळे गेलेत. मोतीबिंदू आहे. सांगायला लाज वाटत होती, म्हणून हे असं झालं. तू बघ आणि सांग. पुस्तकातलं नको, दिसेल ते.”

मुलीनं डोळा लावला. छोटं चाक, केसभर, पुन्हा केसभर. “एक बुडबुडा आहे, बाई.”

“सोड त्याला. पुढे सरक.”

“आता पेशी आहेत. पातळ आहेत. एकीचा कोपरा दुमडलाय. मध्ये गडद ठिपका. तिच्याशेजारी आणखी दोन आहेत.” तिनं मान वर केली. “बाई, फुटली ती कुणाच्या गालाची होती?”

“माझ्या आईची,” बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “ती आता नाही. तिचं म्हणून एवढंच होतं माझ्याकडे.”

चष्मिष मुलीचा चेहरा एवढासा झाला. आणि मागून, शेवटच्या बाकावरून, जांभई उठून पुढे आली. गालावर बाकाचा वळ उमटलेला, डोळे अर्धवट मिटलेले. तिनं कुणाला न विचारता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ बघितलं, आणि साधा हिशोब मांडावा तसं म्हणाली, “पण बाई, ह्यांच्यातल्या तंतुकणिका तुमच्या आईच्याच आहेत ना? तुम्ही आत्ताच सांगितलंत. दिसत नाहीत, पण आहेत.”

बाई फळ्याकडे वळल्या. फळ्यावर ते वाक्य तसंच होतं, खाली रेघ मारलेलं. दर वर्षी लिहिलं, दर वर्षी पुसलं, आणि एकदाही ते आपल्याबद्दल आहे असं वाटलं नाही.

“म्हणजे तू झोपली नव्हतीस?” त्यांनी विचारलं.

“झोपले होते, बाई. ऐकू येतं.”

बाई हसल्या. हसता हसता स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या, चांगल्या मोठ्यानं, सगळ्या वर्गासमोर, पदर तोंडाशी न नेता. ज्या पेशीबाईंना कुणी कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, त्या रडल्या आणि थांबल्या, आणि चिंधी बांधलेल्या बोटानं नाक पुसलं. “काय बघताय माझ्या तोंडाकडे?” त्या म्हणाल्या. “तोंडातलं तिथे लावलंय, तिकडे बघा. एकेक जण. आणि मोठ्या चाकाला हात नको.”

रांग पुन्हा उभी राहिली. प्रत्येक जण डोळा लावत होता, नेहमीपेक्षा जास्त वेळ. बाई शेजारी उभ्या होत्या, नेहमीसारख्याच.

सगळे बघून झाल्यावर मामांनी चिकटपट्टीचा तुकडा फाडला आणि पेन उघडलं. पेटीतल्या प्रत्येक काचपट्टीवर नाव असायचं, फोडणाऱ्याचं. “काय लिहू, बाई?” त्यांनी विचारलं. “माणसाच्या गालाची पेशी, एवढंच? का कुणाची तेही?”

“कुणाची तेही लिहा,” बाई म्हणाल्या. “दोघींची.”

मामांनी तसं लिहिलं आणि काचपट्टी पेटीत, पहिल्या खाचेत ठेवून दिली. बाईंनी ती घरी नेली नाही.